शनिवार तेल्याची शपथ

एलोजी हसाजी राजपूरकर हे नाव धड उच्चारू शकेल असा कुवेतमध्ये एकच माणूस होता, गावाकडचा आणि एकाच खोलीत राहणारा फारूक, आणि तोही ते उच्चारत नसे. तो म्हणे "एल्या". राई नावाच्या कारखान्यांच्या वस्तीतल्या ज्या गॅरेजात एलोजी एकतीस वर्षं ट्रकांचं तेल बदलत होते, तिथला मिसरी फोरमन त्यांना 'यल्लाजी' म्हणायचा. अरबीत 'यल्ला' म्हणजे चल, आटप. पटांगणाच्या त्या टोकाकडून फोरमनने "यल्ला, यल्लाजी" अशी हाक मारली की दहा माणसं दचकून धावत सुटायची. ज्यांना बोलावलंय ते एलोजी मात्र खड्ड्यात, इंजिनाखाली उभे राहून शेवटच्या थेंबाची वाट बघत असायचे. जुनं तेल घाईनं उतरत नाही. घाई केली तर तळाशी गाळ राहतो आणि नवं तेल पहिल्याच दिवशी काळं होतं. हे त्यांनी फोरमनला एकतीस वर्षं सांगितलं आणि फोरमनने एकतीस वर्षं ऐकलं नाही.

वय त्रेसष्ट. गुडघे त्याहून दहा वर्षांनी म्हातारे. खड्ड्याला सात पायऱ्या होत्या आणि एलोजी प्रत्येक पायरीवर थांबून मागच्या पायरीचा विचार करत. ऑगस्टच्या तीन तारखेचं कायमचं परतायचं तिकीट उशाखाली होतं. तीन आठवड्यांपूर्वी कंपनीने पासपोर्टही हातात दिला होता. मुरुडला बायकोने, सिपोराबाईंनी, मलिद्याचा दिवससुद्धा धरला होता. नवरा सुखरूप परत आला की पोहे, गूळ, खोबरं, पाच फळं असा मलिदा करून एलियाहू हानबीचे, म्हणजे नवसाला पावणाऱ्या त्यांच्या संदेष्ट्याचे, आभार मानायचे, हा त्यांचा तीस वर्षांपूर्वीचा नवस. दर फोनला त्या विचारत, "पोहे जाडे घेऊ का पातळ?" एलोजी दर वेळी म्हणत, "तुला पटतील ते घे. मी आधी झोपणार आहे."

आता हे एलियाहू आणि मलिद्याचं प्रकरण नीट सांगायला हवं, नाहीतर पुढचं काहीच कळायचं नाही.

एलोजी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले यहुदी. त्यांचे पूर्वज कधीकाळी गलबत फुटून नवगावच्या किनाऱ्याला लागले, असं त्यांच्या घरात सांगत. गलबतातून काय वाचवलं असं विचारलं की आजोबा म्हणत, "शनिवार." त्या लोकांनी कोकणात तेलाचे घाणे घातले. सहा दिवस बैल फिरायचा, शनिवारी बैल आणि मालक दोघेही बसून असायचे. म्हणून गाव त्यांना शनिवार तेली म्हणू लागलं. देवळात पाऊल टाकायचं नाही, मूर्तीला हात लावायचा नाही, आपल्या प्रार्थनेच्या जागेला मात्र खुशाल 'मशीद' म्हणायचं, असा सगळा मामला. राजपुरीच्या एका आळीत एलोजींचा आजा तेल काढायचा आणि फारूकचा आजा ते मचव्यात भरून मुंबईला न्यायचा. तेलाच्या गावचा माणूस तेलाच्या देशात येऊन तेलच बदलत बसला, याचं फारूकला फार हसू येई.

कुवेतला आल्यावर पहिल्याच महिन्यात तेव्हाच्या म्हाताऱ्या मालकाने सगळ्यांदेखत विचारलं होतं, शनिवारी का येत नाहीस? एलोजींनी घसा खाकरून सांगितलं, "आमच्यात शनिवार पाळतात." शेजारी उभे असलेले स्टोअरकीपर दीनानाथ नाशिकचे. त्यांनी मोठ्या उत्साहाने अर्थ लावला, "मारुतीचा वार, शेठ. फार कडक असतं." मालक देवभोळा होता. तो म्हणाला, ठीक आहे, सगळे सुट्टी घेतात त्या शुक्रवारी तू येत जा.

एलोजी खोटं बोलले नव्हते. 'आमच्यात' या शब्दात कोण कोण बसतं, हे त्यांना कोणी विचारलं नाही, आणि पुढे जगात जे जे होत गेलं त्यात आपण होऊन उलगडून सांगावं अशी बरी वेळ कधी आली नाही. गॅरेजभर मात्र त्यांची कीर्ती झाली. राजपूरकर काका म्हणजे मोठे मारुतीभक्त. नवा माणूस आला की दीनानाथ त्याला सांगत, "काकांचा शनिवार म्हणजे शनिवार. एकतीस वर्षांत त्या दिवशी बसच्या दाराला शिवले नाहीत." हे अक्षरशः खरं होतं. खोलीवर आल्यावर फारूक विचारी, "काय हनुमानभक्त, लंका जाळून आलास?" आणि एलोजी बूट काढता काढता म्हणत, "नाही. फिल्टर बदलून आलो."

तर जुलैचा महिना, गुरुवार. उन्हाळ्यात दुपारी अकरा ते चार उघड्यावर काम करायला सरकारची बंदी असते, त्यामुळे सगळी माणसं शेडखाली पुठ्ठ्यांवर आडवी झाली होती. एलोजींचा डोळा लागतोय तोच कोणीतरी म्हणालं, "वर कोण आहे?"

पटांगणाच्या कोपऱ्यात चार लोखंडी पायांवर पाण्याची टाकी होती, चांगली चाळीस फूट उंच. तिच्या झाकणाच्या काठावर पाय बाहेर सोडून गुरुप्रसाद बसला होता.

गुरुप्रसाद वेल्डर. चंदगडकडचा, अडतिशीचा, अबोल. मार्चमध्ये त्याची आई गेली आणि त्याला जाता आलं नाही, कारण पासपोर्ट कंपनीकडे. कंपनीची कागदपत्रं बघणारा माणूस, ज्याला तिकडे मंदूब म्हणतात, तो नूरुद्दीन दर आठवड्याला त्याला 'बुक्रा' सांगायचा. बुक्रा म्हणजे उद्या. त्या दिवशी सकाळी नूरुद्दीनने उद्या म्हणायचं सोडून प्रथमच महिना सांगितला होता. डिसेंबर.

फोरमनने पोलिसांना फोन लावायला मोबाईल काढला. एलोजींनी त्याच्या हातावर हात ठेवला. पोलीस आले तर हा खाली उतरूनही सुटणार नव्हता. "पाच मिनिटं," ते म्हणाले. बोटं पुसायचा सुती कचरा त्यांनी दोन्ही तळहातांना गुंडाळला, कारण शिडीचं लोखंड उन्हाने तव्यासारखं झालं होतं, आणि ते चढायला लागले. सात पायऱ्यांना दमणारा माणूस. खाली दीनानाथ पायऱ्या मोजत होते आणि मध्येच मोजणं विसरले.

"काका, वर येऊ नगासा," गुरुप्रसाद म्हणाला.

"अर्धा आलोय. आता उतरतो म्हटलं तरी गुडघे ऐकणार नाहीत. बोल तू."

"काय बोलू. कट्टाळा आलाय बगा."

"मलाही आलाय," एलोजी म्हणाले. ते उगाच समजूत घालायला म्हटलेलं नव्हतं. ते खरं होतं, आणि बहुधा म्हणूनच त्याने मान वळवली.

"पासपोर्ट मिळवून देतो तुझा," एलोजी म्हणाले.

"सगळी असंच म्हणत्यात."

"मी कधी म्हटलंय?"

गुरुप्रसादने खिशातून अंगठ्याएवढा पितळी मारुती काढून टाकीच्या झाकणावर ठेवला. "आईचा हाय. तुमी शनिवार करतासा. दुसऱ्या कुणाचं मी ऐकनार न्हाई. ह्याच्यावर हात ठिवा आन् शपथ घ्या, कवा मिळंल ते सांगून."

लहानपणी वडिलांनी एलोजींना बोटं मोजून शिकवलं होतं. जीव वाचवायला शनिवार मोडावा, उपास मोडावा, निषिद्ध खावं, सगळं चालतं. तीन गोष्टी मात्र जीव गेला तरी करू नयेत: परक्या दैवताला भजू नये, निषिद्ध नात्यातली किंवा दुसऱ्याची बाई भोगू नये, दुसऱ्याचा जीव घेऊ नये. मान कापली तरी नाही. लहान एलोजीला त्या वेळी डोळ्यांपुढे मोठी तलवार दिसायची आणि तलवारीपुढे ताठ उभा असलेला आपण. पण आज कोणी तलवार घेऊन आलं नव्हतं. त्यांच्या मानेला काहीच धोका नव्हता. मान दुसऱ्याची होती, आणि ती दोन वितींवर होती.

खरं सांगून टाकावं का? अरे, मी तुझ्यातला नाही, माझ्या शपथेला काही अर्थ नाही. पण हा माणूस खाली आणि वर याच्या मधोमध ज्या एका गोष्टीला धरून बसला होता, ती म्हणजे राजपूरकर काकांचा शनिवार. तीच काढून घ्यायची?

एलोजींनी हाताचा सुती कचरा सोडला आणि उजवा तळहात मारुतीवर ठेवला. एवढ्या वेळात पितळ चांगलं तापलं होतं. हात झटकावासा वाटला, पण तो झटकला तर याला वेगळाच अर्थ दिसेल, म्हणून तसाच दाबून धरला.

"मारुतीची शपथ," ते म्हणाले. "रविवारी सकाळी तुझा पासपोर्ट तुझ्या हातात."

गुरुप्रसादने पाय आत घेतले. म्हणाला, "पानी हाय का?"

ते दोघे पाण्याच्या टाकीवर बसले होते. ही गंमत दीनानाथांनी पुढे पुष्कळांना सांगितली, पण तेव्हा कोणी हसलं नाही.

संध्याकाळी फरवानिया भागातल्या दोघांच्या खोलीत फारूकने त्यांच्या तळहाताला मलम लावलं. फारूक जवळच्या किराणा दुकानात गल्ल्यावर बसे आणि त्या दिवशी लवकर आला होता. फोड मूर्तीच्या आकाराचा वगैरे काही नव्हता. फोडासारखा फोड होता.

"तुला किती येला सांगला, एल्या, लोकांना खरं काय ते सांगून टाक," फारूक म्हणाला. "आता घे. नुसता भक्त होतास तो पुजारी झालास."

"हात हळू लाव."

"पण घेतलीस ती बरी घेतलीस," फारूक थोड्या वेळाने म्हणाला, आणि मलमाचं झाकण लावत बसला.

एलोजींनी रेवदंड्याला हज्जानकाकांना फोन लावला. हज्जान म्हणजे त्यांच्या मशिदीत प्रार्थना म्हणवून घेणारे. हे काका पंचाऐंशीचे, कानाने अधू, त्यामुळे ओरडून बोलत आणि समोरचाही बहिरा आहे असं धरून चालत. एलोजींनी सगळं सांगितलं.

"पूजा केलीस?"

"नाही. हात ठेवला, नाव घेतलं."

"नाव घेणं वाईटच. मी ते गोड करून सांगणार नाही. तीन गोष्टींसाठी मरावं असं आपल्यात आहे. पण तू मेला असतास तर तो खाली आला असता का?"

"नाही."

"मग तुझ्या मरण्याचा उपयोग काय. एस्तेर राणी कशी गेली परक्या राजाच्या खोलीत? आपण होऊन गेली. लोकांचे जीव वाचायचे होते म्हणून. मोठमोठ्या पंडितांनी त्यावर वाद घातलेत. कोणी म्हणतात चाललं, कोणी म्हणतात ते एकदाच चाललं, ती एस्तेर होती म्हणून."

"ती सगळ्या लोकांसाठी गेली, काका. हा एकटा वेल्डर आहे."

"बायको-पोरं आहेत त्याला?"

"दोन मुली."

"मग एकटा कुठला? ते पाप तू किप्पूरच्या क्षमा मागायच्या उपासाला देवापुढे ठेव, त्याचं तो बघेल. राहिली शपथ. परक्या देवाची शपथ आपल्यात शपथच नाही. कागदावर बघशील तर तू मोकळा आहेस."

मोकळं असल्यासारखं एलोजींना वाटत नव्हतं.

"मोकळा आहेस," हज्जानकाका पुन्हा ओरडले, "पण तो कोणाच्या भरवशावर उतरला, ते तुझं तू बघ. शपथ अजून खोटी झालेली नाही. रविवारपर्यंत वेळ आहे ना?"

"उद्या शुक्रवार, कचेरी बंद. कागदवाला फक्त शनिवारी भेटेल."

"शब्बाथला."

"शब्बाथला. आणि तो वेल्डर आज जेवताना सारखा टाकीकडे बघत होता."

"मग मला विचारत काय बसलास? असल्या बाबतीत विचारत बसणं हीच चूक."

शुक्रवारी एलोजींनी नेहमीप्रमाणे रिकाम्या गॅरेजात एकट्याने दोन ट्रकांचं तेल उतरवलं. सूर्य बुडायच्या आधी खोलीवर येऊन काचेच्या पेल्यात पाणी आणि वर तेल घालून शब्बाथची वात लावली. फारूक त्या वेळी दर शुक्रवारी दिव्याचं बटण आधीच चालू करून ठेवी, म्हणजे अंधार पडून शब्बाथ लागला की एल्याला हात लावायला नको. तेवढं करून तो नमाजाला गेला. एलोजी वातीकडे बघत बसले. जेवण झालं नाही. दमणूक अशी होती की झोपही घेववेना.

शनिवारी सकाळी ते बसमध्ये चढले. तिकिटाला हात लावताना उगाच इकडेतिकडे बघितलं, जणू राजपुरीची सगळी आळी मागच्या बाकांवर बसली होती.

नूरुद्दीनने त्यांना दारात बघून चहाचा कप खाली ठेवला. "यल्लाजी? आज तो आपका शनिवार है ना?"

"है," एलोजी म्हणाले. "गुरुप्रसादचा पासपोर्ट दे."

नूरुद्दीन तसा दुष्ट नव्हता. तोही वर कोणाला तरी जबाब देत होता. त्याने कपाट उघडून गठ्ठा दाखवला आणि समजावून सांगितलं, की नवा वेल्डर येईपर्यंत मालक याला सोडत नाही. फाईल तपासली जाते, फाईलमधून एक पासपोर्ट कमी झाला तर त्याच्या जागी एक दिसायला हवा. माणसं मोजतात, नावं कोणी वाचत नाही.

एलोजींना हे ऐकायला नको होतं. पण ऐकल्यावर दुसरं काही सुचेना. त्यांनी शर्टाच्या आतल्या खिशातून आपला पासपोर्ट काढून टेबलावर ठेवला.

"चाचा, आपका तीन तारीख का टिकट है."

"माहीत आहे मला. नवा वेल्डर कधी येणार?"

"दो महीना. तीन." नूरुद्दीन त्यांच्याकडे न बघता म्हणाला, आणि एक फॉर्म पुढे सरकवला. स्वखुशीने मुक्काम वाढवत आहे, खाली सही.

एकतीस वर्षांत एलोजींनी शनिवारी लिहिलेलं ते पहिलं अक्षर. फोडामुळे पेन नीट धरता आला नाही. सही एखाद्या पोराने गिरवल्यासारखी आली. नूरुद्दीनने ती बघून म्हटलं, चलेगा.

गुरुप्रसादला त्यांनी पटांगणातच गाठलं. रविवारपर्यंत थांबायची गरज नव्हती. त्याने पासपोर्ट उघडून फोटो बघितला, मिटला, परत उघडला. मग त्याचं लक्ष एलोजींकडे गेलं आणि चेहरा पडला.

"काका, आज शनिवार."

"हो."

"तुमी बसनं आलासा? माझ्यापायी मारुतीचा वार मोडलासा?" आपल्यामुळे एवढ्या मोठ्या भक्ताचं व्रत मोडलं, या धसक्याने तो टाकीवर असताना दिसला नव्हता इतका पांढरा पडला. "कोपंल की तो."

एलोजींना फार बसावंसं वाटत होतं. जवळ एक उलटा डबा होता, त्यावर ते बसले.

"नाही कोपत," ते म्हणाले. "आमच्यात चालतं. जिवासाठी चालतं."

हेही खोटं नव्हतं.

रविवारी दुपारी गुरुप्रसाद विमानात बसला. जाताना दीनानाथांनी त्याची बॅग उचलली, फोरमनने पहिल्यांदाच कोणाला यल्ला न म्हणता निरोप दिला. आणि गुरुप्रसादने सगळ्यांदेखत एलोजींच्या पाया पडून कागदात गुंडाळलेली एक पुडी त्यांच्या हातात ठेवली. "तुमच्याजवळच ऱ्हाऊंदे काका. तुमच्याबिगर दुसरं कोन हाय?"

पुडीत काय आहे हे एलोजींना वजनावरून कळलं.

संध्याकाळी खोलीत ती पुडी टेबलावर होती आणि दोन्ही म्हातारे दोन खाटांवर बसून तिच्याकडे बघत होते.

"हितं नाय," फारूक म्हणाला.

"मलाही नकोय इथे. टाकू कुठे? त्याच्या आईचा आहे."

"टाकायचा नाय. ठेवायचापण नाय. एल्या, तुझ्या बापाने ह्याचा काय नियम सांगला होता काय?"

"इथपर्यंत बाबा आले नव्हते," एलोजी म्हणाले.

मग त्यांनी मुरुडला फोन लावला. सिपोराबाईंना मलिदा पुढे ढकलायला सांगितला. दोन महिने, फार तर तीन. त्यांनी कारण विचारलं. एलोजी म्हणाले, एका माणसाला माझ्या आधी जायचं होतं. मग त्या म्हणाल्या, "पोहे आणले होते मी. किडे होतील." आणि थोड्या वेळाने, "हाताला काय झालंय? फारूकभाई फोनवर मलमाचं सांगत होते."

"तेल उडालं," एलोजी म्हणाले. हे मात्र साफ खोटं होतं. एका आठवड्यात इतकं सगळं झाल्यावर त्याचं त्यांना विशेष काही वाटलं नाही.

पुडी दुसऱ्या दिवशी त्यांनी गॅरेजात नेली आणि तेलाच्या कोठीत, खालच्या फळीवर, डब्यांच्या मागे ठेवली. ना घरात, ना रस्त्यावर. नवा वेल्डर येईल तो चंदगडकडचा असला तर त्याच्या हवाली करू, नसला तर स्वतः जाताना नेऊन देऊ, असं ठरवून त्यांनी तो विषय मिटवला. पुढच्या शनिवारी ते घरी राहिले. नुसते पडून राहिले.

रविवारी सकाळी कोठीचं दार उघडलं तर दीनानाथ आत हात जोडून उभे. वरच्या फळीवरच्या एका डब्याची तोटी गळत होती. शनिवारभर थेंब थेंब तेल खालच्या पुडीवर पडलं होतं. कागद भिजून उकलला होता आणि पितळी मारुती डोक्यापासून पायापर्यंत चकचकीत तेलात उभा होता.

"वा, काका," दीनानाथ म्हणाले, "घरी बसूनसुद्धा शनिवारचं तेल चुकवलं नाहीत."

एलोजींनी तोटी घट्ट केली. पुसायला सुती कचरा उचलला, मग पुसणं हीसुद्धा सेवाच व्हायची असं मनात येऊन तो परत ठेवला. फोरमनने बाहेरून हाक मारली. यल्ला, यल्लाजी. ते एक एक पायरी उतरत खड्ड्यात गेले, नट सैल केला आणि तेल उतरायची वाट बघत उभे राहिले.